नोंद आणि निवेदन : लातूर परिसरातील आत्मकथनांविषयी

१

लक्ष्मण माने यांची जन्मतारीख १ जून १९४९ अशी नोंदलेली आढळते आणि शरणकुमार लिंबाळे यांची १ जून १९५६. एक सातारा जिल्ह्यातील कैकाडी समाजातला, दुसरा अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरच्या महारवाड्यातला. गाव, जात, वर्ष सारे वेगळे. महिना आणि दिवस मात्र एकच. ग्रामीण महाराष्ट्रात ज्याने एखाद्या प्राथमिक शाळेचे प्रवेश-नोंदवही चाळली असेल त्याला या योगायोगाचे फारसे नवल वाटणार नाही. शाळा जूनमध्ये भरते. मूल दाखल करायला आलेल्या माणसाला मुलाचा जन्म कोणत्या सुगीत झाला, कोणत्या दुष्काळात झाला एवढे सांगता येते. तारीख सांगता येत नाही. मग गुरुजी मुलाकडे एकवार पाहतात, वयाचा अंदाज बांधतात आणि १ जून लिहून मोकळे होतात. या दोन लेखकांच्या बाबतीत नेमके काय घडले याचा निर्णय न करताही एवढे म्हणता येईल की, महाराष्ट्रातील एका मोठ्या समूहाच्या आयुष्याचे पहिले लिखित वाक्य त्या आयुष्याशी संबंध नसलेल्या माणसाने, कार्यालयीन सोयीसाठी, अंदाजाने लिहिलेले असते.

आत्मचरित्राचा विचार करताना हा मुद्दा किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराविषयी आपण जी गृहीतके बाळगतो, त्यांच्या मुळाशीच तो जातो. आपले आयुष्य आपण प्रथम जगतो आणि नंतर, उतारवयात, स्मृतीच्या आधारे ते लिहितो, असे आपण समजून चालतो. लेखनापूर्वी आयुष्य असते, लेखन नसते. प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे ते असे की, लातूर आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून आलेल्या आत्मकथनांच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. येथे निवेदक लिहायला बसतो तेव्हा त्याचे आयुष्य आधीच लिहिले गेलेले असते : शाळेच्या नोंदवहीत, पोलीस ठाण्याच्या दप्तरात, गावाच्या तोंडी, जातीच्या नावात. त्याचे निवेदन ही कोऱ्या कागदावरची पहिली अक्षरे नसतात. आधीच्या नोंदीवर केलेली ती हरकत असते. या आत्मकथनांवरील मराठी समीक्षेने त्यांच्या अस्सलपणाची आणि कलात्मकतेची पुष्कळ चर्चा केली. नोंद आणि निवेदन यांच्यातील हा झगडा मात्र तिने पुरेशा गांभीर्याने पाहिलेला दिसत नाही.

२

मराठी आत्मचरित्राचा प्रचलित इतिहास साधारणतः अव्वल इंग्रजीपासून सुरू होतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लिहिलेले आणि अ. का. प्रियोळकरांनी १९४७ मध्ये प्रकाशात आणलेले आत्मचरित्र, रमाबाई रानडे यांच्या १९१० च्या आठवणी, धोंडो केशव कर्वे यांचे १९१५ चे ‘आत्मवृत्त’ हे त्याचे ठळक टप्पे मानले जातात. या लेखनाचा एक ठरीव आराखडा आहे. कुळाची माहिती, गाव, जन्मतिथी, शिक्षण, सार्वजनिक कार्य या क्रमाने ते पुढे सरकते. त्यातला ‘मी’ कुठे जन्मला आणि कुणाचा आहे याविषयी वाद नसतो; त्याने आयुष्यात काय केले, हा प्रश्न असतो. पुण्या-मुंबईच्या शिक्षित कुटुंबात जन्मपत्रिका असे, कुलवृत्तांत असे, पत्रव्यवहार जपलेला असे. अशा निवेदकाला आधीची नोंद अनुकूल होती. तिचा आधार घेऊनच तो लिहीत होता.

लातूरचा मुलूख या इतिहासात उशिरा आणि वेगळ्या वाटेने येतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, सनावळी फसली, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. मराठीत बोलणाऱ्या माणसाच्या शेताचा, करजाचा आणि गुन्ह्याचा कागद त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत होता. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात वयाचा हिशेब रझाकाराच्या सालाशी किंवा पोलीस अॅक्शनशी जोडून होत असे, त्याचे एक कारण हेच. आयुष्य मोजण्याची त्यांची साधने लिखित कालगणनेच्या बाहेरची होती. संस्थान विलीन झाल्यावर या प्रदेशातून प्रथम आले ते मुक्तिलढ्याचे आठवणीवजा लेखन. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्याही इंग्रजीत. या लेखनाचे मोल वादातीत आहे. पण त्यातील व्यक्ती ही चळवळीची साक्षीदार म्हणून बोलते. गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःविषयी बोलायला अजून एक तप जावे लागणार होते.

येथे एका जुन्या दाखल्याची आठवण करणे आवश्यक आहे. जॉर्ज गुस्डॉर्फ या फ्रेंच विचारवंताने १९५६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात आत्मचरित्र ही पाश्चात्त्य माणसाची खास आस्था आहे, त्या संस्कृतीच्या बाहेर ती आढळत नाही, असे प्रतिपादन केले होते. मराठवाड्यातच या विधानाला उत्तर आहे. वेरूळजवळच्या देवगावी १६२८ मध्ये जन्मलेल्या संत बहिणाबाईंनी अभंगांतून आपले आत्मनिवेदन केले. बालपण, विवाह, नवऱ्याचा छळ, कोल्हापुरातील वास्तव्य, तुकारामांचा स्वप्नातील अनुग्रह हे सारे त्यात आहे. आणि त्याखेरीज, अखेरच्या काळात मुलाला सांगितलेले मागचे बारा जन्मही आहेत. आधुनिक वाचक हा शेवटचा भाग श्रद्धेचा म्हणून बाजूला ठेवतो. तो तसा ठेवू नये. आत्ताच्या आयुष्याची संगती त्यापूर्वीच्या लेखाशी लावल्याशिवाय ‘मी’ सांगता येत नाही, ही जाणीव त्यात आहे. बहिणाबाईंच्या लेखी तो पूर्वलेख संचिताचा होता आणि तो वाचण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला होता. तीनशे वर्षांनी याच मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला जो निवेदक उभा राहिला, त्याचे संचित सरकारी दप्तरात होते आणि ते वाचण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती होता.

३

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले आणि त्यापाठोपाठ १९७९ मध्ये प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’. ‘बलुतं’ची चर्चा मुंबई-पुण्यात झाली तितकी सोनकांबळे यांच्या पुस्तकाची झाली नाही. परंतु लातूर परिसरापुरते पाहिले तर आरंभ येथून धरावा लागतो. आईबापांवाचून, उदगीर भागातील चेरा या गावी बहिणीच्या आश्रयाने काढलेले बालपण, भूक, शिक्षणासाठी केलेली पायपीट आणि वसतिगृह हा त्यातील अनुभवाचा ऐवज. पुढे हा मुलगा औरंगाबादला इंग्रजीचा प्राध्यापक झाला.

या वाटचालीमागची संस्थात्मक पार्श्वभूमी ध्यानात घ्यावयास हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ते ओळखले गेले. निजामी राजवट संपून अवघी दोन वर्षे झाली होती. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या दलित विद्यार्थ्यांची पहिली मोठी पिढी येथे एकत्र आली, आणि याच परिसरात १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ उभे राहिले. आपले आयुष्य सांगण्यासारखे आहे ही खात्री माणसाला एकट्याने होत नाही. ऐकणारा समूह लागतो. मिलिंदच्या आवाराने तो पुरवला.

‘आठवणींचे पक्षी’चे शीर्षकच त्याच्या रूपाची कल्पना देते. ही जन्मापासून आजवरची सलग कथा नाही. सुट्या आठवणी येतात, एखादा प्रसंग सांगून थांबतात, पुढची आठवण कधी मागच्या काळातली असते. काही अभ्यासकांना यात रचनेचा सैलपणा जाणवेल. माझ्या मते, नोंदीचे पाठबळ नसलेल्या स्मृतीचे हे स्वाभाविक रूप आहे. ज्याच्या बालपणाचे छायाचित्र नाही, पत्र नाही, दप्तर नाही, वडीलधाऱ्यांनी पुनःपुन्हा सांगून पक्की केलेली कुळकथा नाही, त्याला सालवार कथा सांगावयाची तर ती रचावी लागेल, म्हणजे उसनी आणावी लागेल. सोनकांबळे हे करत नाहीत. जेवढे आठवते तेवढ्याला जागा देतात आणि दोन आठवणींमधली पोकळी तशीच राहू देतात. या पोकळीत पोरकेपण आहे. ते वेगळे सांगावे लागत नाही. त्यांच्या निवेदनातील संयमाचे, आक्रोश टाळण्याच्या वृत्तीचे समीक्षकांनी कौतुक केले आहे. तो संयम स्वभावाचा असेल, तसाच तो रूपाचाही आहे. सलग कथा एका निष्कर्षाकडे धावते, आणि सुट्या आठवणीला निष्कर्षाची घाई नसते.

४

लातूरजवळच्या धनेगावात जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या पुस्तकात परिस्थिती वेगळी आहे. सोनकांबळे यांच्यापाशी नोंद नव्हती. गायकवाड यांच्या समाजाची नोंद गरजेपेक्षा जास्त होती. पोलिसांना या घरांचे पत्ते, माणसांची नावे, त्यांच्या सवयी ठाऊक होत्या. वसाहती सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पुढे १९११ आणि १९२४ मध्ये तो कायदा विस्तारला. निजामाच्या मुलखातही अशा जमातींची नोंदणी आणि देखरेख होत होती. हजेरी, झडती आणि संशय हे या समाजाचे नित्यकर्म होते. कोठेही चोरी झाली की पोलीस वस्तीवर येत, पुरुषांना नेत, बायकांची विटंबना करीत. ‘उचल्या’मधील आजोबा, आजी, भाऊ यांच्या कथा या पोलिसी येण्याजाण्याने जोडलेल्या आहेत.

मिशेल फुको यांनी १९७७ मध्ये सतराव्या-अठराव्या शतकांतील फ्रेंच बंदिवासाच्या कागदांवर एक निबंध लिहिला होता. दरिद्री, बदनाम माणसांची आयुष्ये इतिहासात का उरली, तर क्षणभर त्यांची सत्तेशी गाठ पडली म्हणून, असे त्यांचे निरीक्षण आहे. सत्तेने त्यांना स्पर्श केला नसता तर त्यांचा मागमूसही राहिला नसता. आणि जो राहिला तो सत्तेच्याच शब्दांत. ‘उचल्या’ वाचताना या निबंधाची आठवण होणे अपरिहार्य आहे, पण त्याची मर्यादाही तेथेच ध्यानात येते. फुकोंच्या कागदांतील माणसे गप्प आहेत. धनेगावच्या वस्तीतील एक मुलगा मात्र शाळेत गेला, अक्षर शिकला आणि त्याच दप्तराला उत्तर देऊ लागला. चोरीपासून दूर राहून शेतावर राबणाऱ्या बापाने त्याला शाळेत घातले. वस्तीत मुलांना जुलाब-उलट्यांची साथ आली तेव्हा, आपल्यात कधी कोणी शिकले नाही, याच्या शाळेमुळेच कोप झाला, असा समज पसरल्याचे गायकवाड यांनी नोंदवले आहे. शहरी वाचकाला यात अंधश्रद्धा दिसते. तिच्याखाली एक रास्त भयही आहे. आजवर या वस्तीत कागद आला तो अटकेचा. लिहिणारा माणूस म्हणजे पोलीस, किंवा पोलिसांना माहिती देणारा पाटील. मग घरातलाच मुलगा पाटी घेऊन बसला, तर तो कोणाच्या बाजूचा समजायचा?

या पुस्तकातील सर्वांत महत्त्वाचा तपशील मला वाटतो तो मुलांच्या तालमीचा. चोरीचे कसब शिकवण्याबरोबरच वडीलधारी माणसे मुलांना मारत, चटके सहन करायला लावत, ते यासाठी की उद्या पोलिसांचा मार बसला तरी साथीदाराचे नाव तोंडातून बाहेर येऊ नये. अर्थात या समाजातले पहिले शिक्षण न सांगण्याचे होते. मौन ही येथे लाज नव्हे, ती जगण्याची अट होती. अशा घरात जन्मलेला माणूस जेव्हा माणसांची नावे, नाती, धंद्याच्या युक्त्या, सांकेतिक बोली हे सारे छापील पुस्तकात मांडतो, तेव्हा तो वाङ्मयाच्या परंपरेत भर घालण्यापूर्वी एक शपथ मोडत असतो. ‘उचल्या’वरील बरेचसे लेखन त्यातील धक्कादायक अनुभवविश्वाभोवती फिरते. परंतु धक्का अनुभवाचा आहे त्याहून अधिक सांगण्याच्या कृतीचा आहे. जी माहिती मार खाऊनही द्यायची नव्हती ती गायकवाड स्वखुशीने देतात. ठाणेदाराला नव्हे, वाचकाला. कबुलीजबाब आणि आत्मकथन यांतील मजकूर पुष्कळदा सारखाच असतो. ऐकणारा बदलला की त्याचा अर्थ बदलतो. कबुलीजबाबातून एका माणसाचा गुन्हा सिद्ध होतो. त्याच मजकुरातून ‘उचल्या’ एका व्यवस्थेवर आरोप ठेवते.

भाषेच्या बाबतीतही एक मुद्दा नोंदवावयास हवा. ‘उचल्या’ची भाषा बोलीतील म्हणून वाखाणली जाते. गायकवाड यांच्या घरची बोली मात्र मराठीहून निराळी, तेलुगूशी नाते सांगणारी आहे. मराठी ही त्यांच्यासाठी गावाची, शाळेची, आणि लातूरच्या सूतगिरणीतील कामगारांमध्ये वावरताना पक्की झालेली भाषा. आपण ज्याला मातीचा अस्सल आवाज म्हणून दाद देतो तो वस्तुतः एका भाषेतून दुसऱ्या भाषेत केलेला प्रवास आहे. ज्या भाषेत आपल्याला चोर म्हटले गेले त्याच भाषेत आपण चोर कसे ठरवले गेलो हे सांगणे, हा त्या प्रवासाचा हेतू आहे.

५

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये आले. हन्नूर हे सोलापूर जिल्ह्यातले गाव. पण नोकरीच्या निमित्ताने लिंबाळे लातूर भागात राहिले आणि जात लपवून भाड्याची जागा मिळवण्याचा शहरी अनुभव त्यांच्या आत्मकथनात येतो. म्हणून आणि त्याहून अधिक, विवेचनाच्या गरजेने, त्याचा विचार येथे करणे योग्य ठरेल.

फिलीप लजन या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये ‘आत्मचरित्रात्मक करारा’ची कल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि नायक ही तिन्ही एकच व्यक्ती आहे, अशी हमी पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील नाव देते; या हमीवर विश्वासून वाचक वाचतो. म्हणजे सारा करार एका विशेषनामावर उभा आहे. हे विशेषनाम निर्वेध असते असे लजन यांनी गृहीत धरले. लिंबाळे यांचा पेच नेमका तेथून सुरू होतो. आई महार, जन्मदाता लिंगायत पाटील, आजीचा सोबती मुसलमान, आणि बापाने मूल नाकारलेले. शाळेच्या नोंदवहीत बापाच्या नावाचा रकाना भरायचा तर काय लिहायचे? नाव लावले तर पाटलाची अब्रू जाते, न लावले तर मुलाला नाव राहत नाही. ‘लिंबाळे’ हे आडनाव मुखपृष्ठावर छापले जाते तेव्हा ते कराराची हमी म्हणून येत नाही. तो एका मिळकतीवर सांगितलेला हक्क असतो. पाश्चात्त्य सिद्धान्तात नाव हा आत्मचरित्राचा आधार आहे, ‘अक्करमाशी’त तोच त्याचा विषय आहे.

या तिन्ही पुस्तकांना एकत्र ठेवले की नोंदीचे तीन प्रकार स्पष्ट होतात. सोनकांबळे यांच्याकडे ती नाही, गायकवाड यांच्याकडे ती शत्रूच्या ताब्यात आहे, लिंबाळे यांच्याकडे तिचा रकाना रिकामा आहे. त्यानुसार निवेदनाचे रूपही बदलते. पहिल्यात सुट्या आठवणी, दुसऱ्यात जबाबासारखा घटनांचा ओघ, तिसऱ्यात एकाच प्रश्नाभोवती पुनःपुन्हा घुटमळणारे आत्मभाष्य. दलित आत्मकथने सारखीच असतात, त्यांत तोचतोपणा आहे, असा आक्षेप १९८० नंतर वारंवार घेतला गेला. केवळ दारिद्र्याच्या तपशिलावर नजर ठेवली तर तसे वाटू शकते. नोंदीशी असलेले नाते पाहिले तर एकाच परिसरातील तीन पुस्तके तीन निरनिराळ्या रचना ठरतात.

६

याच अनुषंगाने अस्सलपणाच्या वादाकडे वळता येईल. आत्मचरित्राऐवजी ‘आत्मकथन’, ‘स्वकथन’ असे शब्द मराठीत रुळले, त्यामागे या लेखनाचे वेगळेपण सांगण्याचा हेतू होता. पण त्यातून एक अपेक्षाही बळावली, ती ही की येथे फक्त खरे असावे. ज्या समाजाची प्रत्येक गोष्ट आजवर संशयाने तपासली गेली, त्याच्या साहित्यालाही पुन्हा सत्यतेचा पुरावा मागितला गेला. हा प्रकार मराठीपुरता नाही. ग्वाटेमालातील रिगोबेर्ता मेंचू हिचे १९८३ चे निवेदन जगभर वाचले गेले आणि १९९९ मध्ये डेव्हिड स्टॉल या मानववंशशास्त्रज्ञाने त्यातील तपशिलांना आव्हान दिल्यावर मोठा वाद पेटला. पुराव्याचा प्रश्न गैर नाही. इतिहासकाराने तो विचारलाच पाहिजे. परंतु तो एकाच बाजूला विचारला जातो, ही अडचण आहे. १ जून ही तारीख कोणत्या पुराव्यावर लिहिली, हे कोणी विचारत नाही. एखादी जमात जन्मतः गुन्हेगार आहे, हे विधान ऐंशी वर्षे कायद्याच्या पुस्तकात होते. नोंद ही खरी आणि आठवण ही संशयास्पद, अशी विभागणी करून या पुस्तकांकडे गेल्यास त्यांचे म्हणणे ऐकूच येणार नाही.

तरीही या निवेदनांपुढे एक प्रश्न उरतो आणि तो सहानुभूतीपोटी टाळू नये. निवेदक दप्तराला उत्तर देतो तेव्हा तो स्वतःही एक नोंद करत असतो. आजी, आई, वहिनी, बहीण यांची आयुष्ये, त्यांच्यावरचे अत्याचार, त्यांचे शरीरसंबंध हे त्या पुस्तकांत नावानिशी येतात. ‘अक्करमाशी’तील मसामाय आणि संतामाय, ‘उचल्या’तील नरसाबाई या मराठी साहित्यातल्या अविस्मरणीय स्त्रिया आहेत. पण त्या सांगितल्या गेलेल्या आहेत. त्यांनी स्वतः सांगितलेले नाही. ज्यांची संमती पोलिसांनी कधी विचारली नाही, त्यांची ती लेखकाने विचारली होती काय? मुलगा आपल्या आईची कथा सांगतो त्यात ममत्व आहे, ऋण आहे. तरी त्या कथेवर आईचा ताबा राहत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात या बाबतीत निराळे घडले. शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही दोन्ही पुस्तके १९८६ मध्ये ग्रंथरूपात आली. फलटणच्या बेबी कांबळे यांनी दुकान सांभाळता सांभाळता लिहिले आणि ते लेखन वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. बाईच्या बाबतीत नोंद करणारा ठाणेदार पुष्कळदा घरातच असतो, हे त्या लपवण्यातून कळते. लातूर-नांदेड भागातील ज्या आत्मकथनांना अभ्यासक्रमात आणि समीक्षेत स्थान मिळाले ती मात्र जवळजवळ सगळी पुरुषांची आहेत. नांदेड येथे १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूर जिल्ह्यातील महाविद्यालये त्याला जोडली गेली. या विद्यापीठाच्या परिसरातच या पुस्तकांतील गावे आहेत. त्यांच्यावर संशोधन करणारे कितीतरी विद्यार्थी त्याच तालुक्यांतून येतात. छापील पुस्तकावर आणखी एक प्रबंध लिहिण्यापेक्षा त्या पुस्तकांत दुसऱ्याने सांगितलेल्या आयुष्यांच्या बाजूने काही शिल्लक आहे का, याचा शोध या संशोधनाने घ्यावा अशी अपेक्षा चुकीची ठरू नये. जात्यावरच्या ओव्या, देवस्थानचे नवस, बचतगटांच्या वह्या, न्यायालयातील जबाब यांत स्त्रीने प्रथमपुरुषी बोललेले वाक्य सापडू शकते. ते वाङ्मय आहे की नाही हा प्रश्न नंतर सोडवता येईल.

७

गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. विमुक्त हा शब्द तेव्हापासूनचा. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि जुनी दृष्टी नव्या नावाने टिकली. १९९८ मध्ये महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी कृतिगट उभारला, तेव्हा कायदा जाऊन सेहेचाळीस वर्षे झाली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग-नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवताना विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगार समजण्याच्या वृत्तीवर कठोर ताशेरे ओढले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. ‘उचल्या’ छापले जाऊन त्या वेळी सदतीस वर्षे लोटली होती.

या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. साहित्याने न्यायालयाचे काम केले, असा दावा करणे भाबडेपणाचे होईल. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, ज्या रकान्याविरुद्ध न्यायालयाने २०२४ मध्ये निर्णय दिला, त्याच रकान्याशी धनेगावचा, हन्नूरचा निवेदक १९८० नंतरच्या दशकात भांडत होता. समीक्षक त्याच्या पुस्तकात कला शोधत होते, समाजशास्त्रज्ञ माहिती शोधत होते. आणि तो मात्र आपल्याविषयी लिहिल्या गेलेल्या मजकुराची दुरुस्ती मागत होता. आत्मचरित्र म्हणजे जगलेल्या आयुष्याचे सिंहावलोकन, ही व्याख्या ज्यांच्या आयुष्याची नोंद त्यांच्या बाजूची होती त्यांच्यापुरती खरी आहे. लातूर परिसरातील या पुस्तकांसाठी दुसरी व्याख्या करावी लागेल : आपल्याविषयीच्या परक्या लेखावर आपल्या सहीने घेतलेली हरकत. ही व्याख्या मान्य केली तर या पुस्तकांच्या वाचनाची पद्धतही बदलेल. प्रत्येक आत्मकथनापुढे, हे कोणत्या नोंदीला उत्तर आहे आणि ती नोंद आज कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा लागेल. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ग्रंथालयातून उठून तहसील आणि ठाण्याच्या दप्तरापर्यंत जावे लागेल.